जुने घर सोडताना

(गोसीखुर्द येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आजचा माझा विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत थोडी कुजबूज झाली, ती माझ्या कानी आली. संगणकाची जुनी कार्यप्रणाली सोडून नवी घेणे, हा विषय इंजिनिअर मंडळींचा. धान पिकविणाऱ्या, किराणा दुकान चालविणाऱ्या किंवा वैनगंगेत जाळे टाकणाऱ्या माणसाला त्याचे काय? शंका रास्त आहे. मी स्वतः काही इंजिनिअर नाही. बी.ए., बी.एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकविणारा साधा शिक्षक आहे. शाळेतील संगणक खोलीची किल्ली माझ्याकडे आली, ती दुसरे कोणी घ्यायला तयार नव्हते म्हणून. परंतु त्या किल्लीने मला एक कडू धडा शिकविला. तो धडा आपल्यापुढे प्रामाणिकपणे मांडावा, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

दोन-अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. धान कापणीचे दिवस होते. आमच्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. तिचे वडील मजुरी बुडवून दोन वेळा शाळेत येऊन गेले होते. एकदा दाखला अपुरा होता, दुसऱ्यांदा वीज नव्हती. तिसऱ्यांदा ते आले तो शेवटचा दिवस. सर्व कागद जमले होते. मी संगणक सुरू केला आणि संकेतस्थळ काही केल्या उघडेना. पडद्यावर सूचना येई, की आपला ब्राउझर जुना आहे, नवा घ्या. नवा घ्यायला जावे तर संगणक म्हणे, या यंत्रावर तो चालणार नाही. आमच्या यंत्रावर विंडोज ७ होते. त्याचा सांभाळ कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबविला होता आणि क्रोम या ब्राउझरनेही फेब्रुवारी २०२३ पासून त्याची साथ सोडली होती.

आम्ही सायंकाळी पवनीला गेलो. दुकानात गर्दी, इंटरनेट मंद. रात्रीचे बारा वाजले आणि मुदत संपली. त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली ती गेलीच. परत येताना मुलीचे वडील मला म्हणाले, "सर, तुमचा काय दोष? मशीनच जुनी." मी काही बोललो नाही. कारण दोष माझाच होता. संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाने मला दोन वेळा बजावले होते, की सर, ही प्रणाली बदलून घ्या. आणि मी दोन्ही वेळा म्हटले होते, "चालते आहे ना? मग चालू दे."

मित्रांनो, "चालते आहे ना" या तीन शब्दांविषयीच मला आज बोलायचे आहे.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय ते साध्या भाषेत पाहू. मोठ्या वाड्यात एक कारभारी असतो. कोणाला कोणती खोली द्यायची, धान्य कोठून काढायचे, रात्री कुलपे कोणी लावायची, हे तो पाहतो. संगणकात हे काम कार्यप्रणाली करते. आपण पत्र टाइप करतो, हिशेब ठेवतो, छापखान्याला मजकूर पाठवितो. यातले प्रत्येक काम या कारभाऱ्याच्या परवानगीने होते. विंडोज हा असाच एक कारभारी. लिनक्स हा दुसरा. आपल्या खिशातील मोबाइलमध्ये अँड्रॉइड आहे, तो तिसरा. म्हणून ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनीही हा विषय आपला नाही असे समजू नये. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडच्या ४.४ या जुन्या आवृत्तीच्या फोनवर व्हॉट्सॲपची साथ बंद झाली. फोन फुटला नव्हता, बॅटरी गेली नव्हती. कारभारी म्हातारा झाला होता, इतकेच.

आता कारभारी म्हातारा होतो म्हणजे काय होते? यंत्रमाग झिजतो, बैलाचे खूर झिजतात, तशी प्रणाली झिजत नाही. पहिल्या दिवशी जशी असते तशीच ती दहाव्या वर्षी असते. बदलते ते बाहेरचे जग. एवढ्या मोठ्या रचनेत कोठेतरी फटी राहिलेल्या असतातच. त्या फटी चोरांना सापडतात, मग कंपनी त्या बुजविते आणि बुजविण्याचे साहित्य इंटरनेटवरून आपल्या यंत्रात पाठविते. यालाच आपण अपडेट म्हणतो. "सांभाळ संपला" याचा अर्थ हे साहित्य येणे थांबले. त्यापुढे सापडलेली प्रत्येक फट कायमची उघडी. त्याहून वाईट गोष्ट अशी, की कंपनी नव्या प्रणालीतील फट बुजविते तेव्हा त्या दुरुस्तीवरूनच चोरांना कळते, की तीच फट जुन्या प्रणालीत कोठे आहे. नव्या घराची दुरुस्ती ही जुन्या घराच्या चोराला दाखविलेली वाट ठरते.

विंडोज एक्सपी ही प्रणाली २५ ऑक्टोबर २००१ रोजी आली. आपल्यापैकी अनेकांनी एमएस-सीआयटीचे धडे तिच्यावरच गिरविले असतील. तिचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी आली आणि तिचा नेहमीचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी जगभरचे ते संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. म्हणूनच लोकांना वाटले, काही घडलेच नाही. परंतु कुलूप बदलणारा लोहार गाव सोडून गेला, हे त्याच दिवशी कसे कळावे? ते कळते चोरी झाल्यावर.

अशी चोरी खरोखर होते काय? दोन उदाहरणे सांगतो.

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बंद पाडले. फायली कुलूपबंद करून तो ३०० डॉलर मागत असे. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. लक्षात घ्या, ज्या फटीतून तो शिरला ती बुजविण्याचे साहित्य मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीच दिले होते. बळी पडलेल्यांत बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ ची होती आणि त्या वेळी त्या प्रणालीचा सांभाळ चालूही होता. साहित्य दारात येऊन पडले होते. ते लावून घेण्याचा आळस नडला.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला. त्यात डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा कोसळली आणि त्या समूहाकडे असलेले, न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल ठप्प झाले. कोणत्या पेटीत काय आहे, ती कोठे जायची आहे, हे सांगणारा संगणकच मुका झाला. कंटेनरचे ढीग पडले आणि हाताने नोंदी करून काम रेटावे लागले. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे झाले. हा हल्ला केवळ जुन्या प्रणालीमुळे झाला असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. दुरुस्ती न केलेले एखादे यंत्र त्याला पुरे होई. तेथून पासवर्ड चोरून तो शेजारच्या, दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरे. संगणक खोलीत दहा यंत्रांपैकी एक जुनाट असेल तर उरलेली नऊही धोक्यात असतात, ती अशी.

याच प्रसंगातील एक गोष्ट ऐकून विजेच्या खेळखंडोब्याला कंटाळलेल्या आपल्या भागातील लोकांना हसू येईल. मर्स्कच्या जाळ्याचा मुख्य नकाशा जगभरच्या ज्या यंत्रांवर ठेवलेला होता ती सर्व पुसली गेली, एक वगळून. ते एक यंत्र आफ्रिकेत घाना देशात होते. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि त्यामुळे ते जाळ्यापासून तुटलेले होते! त्या एका प्रतीवरून सगळा डोलारा पुन्हा उभा राहिला. यातून घ्यायचा बोध असा, की महत्त्वाच्या कागदांची एक प्रत नेहमी संगणकापासून अलग ठेवावी. प्रत्येक वेळी वीज जाऊन आपल्याला वाचवील, या भरवशावर राहू नये.

बँकांनी काय केले तेही पाहा. एटीएम यंत्राच्या आतही एक संगणक असतो. आपल्या देशातील अनेक एटीएम एक्सपीसारख्या सांभाळ संपलेल्या प्रणालीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना टप्पे घालून दिले : सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे नव्या प्रणालीवर आलीच पाहिजेत. एका रात्रीत सगळे बदला असे रिझर्व्ह बँकेने म्हटले नाही. टप्पे ठरविले आणि तारीख बांधली. ही रीत आपल्या छोट्या संस्थेने आणि दुकानदारांनीही उचलण्यासारखी आहे.

येथे एखादे वडीलधारे गृहस्थ म्हणतील, "मास्तर, हा सगळा कंपनीचा धंदा आहे. धडधाकट यंत्र टाकून द्या आणि नवे घ्या!" चाचा, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. विंडोज ११ ही नवी प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. त्यामुळे २०१७ पूर्वीची बहुतेक यंत्रे, कितीही चांगली चालत असली तरी, तिच्या दारातून परत फिरतात. यात कंपनीला फायदा आहे, हे मी नाकारत नाही. परंतु कंपनीवर रागावून आपले दार उघडे ठेवले, तर त्यात नुकसान कंपनीचे नाही, आपलेच आहे. मग करायचे काय? मार्ग एक नाही, चार आहेत.

पहिला मार्ग, यंत्र बसत असेल तर तेच विंडोज ११ वर नेणे. पीसी हेल्थ चेक या मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनाने यंत्र बसते की नाही ते पाच मिनिटांत कळते आणि अधिकृत विंडोज १० असेल तर वेगळे पैसेही पडत नाहीत.

दुसरा मार्ग, मुदत वाढवून घेणे. घरगुती यंत्रांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा जाहीर केली. ३० डॉलर भरून, अथवा मायक्रोसॉफ्ट खात्याशी यंत्राची मांडणी जोडून विनामूल्य. व्यापारी संस्थांना पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट, असा तीन वर्षांपर्यंतचा दर ठेवला. शिक्षणसंस्थांसाठी मात्र तो पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर एवढाच ठेवला. किती शाळांना ही सवलत ठाऊक आहे? पण ही वाढीव मुदत म्हणजे तात्पुरती झोपडी. पावसाळा निघेल, जन्म निघणार नाही.

तिसरा मार्ग, जुन्या यंत्रावर लिनक्स बसविणे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा प्रारंभ केला. ते मोफत मिळते, त्याची नक्कल करणे हा गुन्हा नाही, आणि त्याचे उबंटू किंवा मिंटसारखे प्रकार जुन्या यंत्रावरही बरे चालतात. आपल्याच देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने त्यावर आधारून बॉस नावाची प्रणाली तयार केली आहे. ज्या १९८८ साली आपल्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली, त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक स्थापन झाली होती. केरळातील सरकारी शाळांची मुले कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकत आहेत. अडचण आहे ती अशी, की टॅलीसारखे हिशेबाचे प्रोग्राम विंडोजसाठी बनलेले असतात. म्हणून दुकानदाराने हा मार्ग विचारपूर्वक घ्यावा. पण शाळेची संगणक खोली किंवा मुलांच्या अभ्यासाचे यंत्र यांसाठी तो उत्तम आहे.

चौथा मार्ग, नवे यंत्र घेणे. तो सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग. तो घेतलाच तर जुने यंत्र भंगारात फेकू नका. तारा जाळून तांबे काढतात, त्या धुरात विष असते. ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून नव्याने लागू झाले आहेत. नोंदणीकृत केंद्राकडेच ते यंत्र द्यावे आणि देण्यापूर्वी त्यातील आपली माहिती पुसावी.

पाचवा एक मार्ग पुष्कळ लोक घेतात. त्याबद्दल शिक्षक म्हणून मला स्पष्ट बोललेच पाहिजे. शे-दोनशे रुपयांत कोणीतरी चोरीची प्रत टाकून देतो. फुकट ते पौष्टिक, असे आपण समजतो. पण चोरीची प्रत उघडणाऱ्या साधनातच पुष्कळदा चोर बसलेला असतो. शिवाय ज्या संस्थेत आपण मुलांना प्रामाणिकपणा शिकवितो तेथेच चोरीचा माल वापरावा, हे आपल्याला शोभत नाही.

आता बदल करावा कसा? बंधूंनो, हे गोसीखुर्दच्या लोकांना मी काय सांगावे! २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली, आणि पुढे वैनगंगेकाठच्या कितीतरी गावांना आपले गावठाण सोडावे लागले. आपल्यातील अनेकांनी घर हलविण्याचे दुःख भोगले आहे. त्या दुःखाची बरोबरी संगणकाशी करण्याचा मला अधिकार नाही. परंतु घर हलविण्याचे शहाणपण या मातीत जेवढे आहे तेवढे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. घर सोडताना आपल्या वडिलांनी आधी काय बाहेर काढले? आधी सातबारा आणि कागदपत्रे, मग बियाणे, मग गुरे, मग भांडीकुंडी. दारे आणि वासे सर्वांत शेवटी. आणि पाणी अंगणात येईपर्यंत जो थांबला, त्याला मागे काय सोडावे लागले, हेही आपल्याला ठाऊक आहे.

संगणकाचे पुनर्वसन याच क्रमाने करावे. आधी कागदपत्रे, म्हणजे आपल्या फायली. त्यांच्या तीन प्रती असाव्यात. दोन निराळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत. मग बियाणे, म्हणजे पासवर्ड, हिशेबाच्या प्रोग्रामचा परवाना, खात्यांचे क्रमांक. ते वहीत लिहून कुलपात ठेवावेत. मग एकाच यंत्रावर नवी प्रणाली बसवून आठ-पंधरा दिवस पाहावे. प्रिंटर छापतो का, स्कॅनर चालतो का, जुनी हिशेबाची वही उघडते का, हे तपासावे. सर्व ठीक असेल तर उरलेली यंत्रे टप्प्याटप्प्याने. परीक्षेच्या, अर्जाच्या किंवा सणासुदीच्या विक्रीच्या दिवसांत हे काम काढू नये.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना. जुने फॉन्ट वापरून केलेल्या प्रश्नपत्रिका आपल्याकडे पडून आहेत. अशा पुष्कळ फॉन्टांत यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरेच साठविलेली असत, वर फक्त देवनागरीचा मुखवटा असे. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. त्यात 'क' हा 'क' म्हणूनच साठविला जातो आणि तो कोणत्याही यंत्रावर 'क'च राहतो. जुने यंत्र सोडण्यापूर्वी तो मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्या. आमच्या शाळेतील एका निवृत्त गुरुजींनी टिपून ठेवलेल्या गावाच्या आठवणी अशाच एका जुन्या फायलीत होत्या. त्या उतरविण्यास नववीच्या दोन मुलींना तीन रविवार लागले. उशीर केला असता तर त्या आठवणीही बुडित क्षेत्रात गेल्या असत्या.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुम्हाला सांगतो. एकाच प्रणालीची बटणे पाठ करू नका. बटणे बदलतात. एक्सपी शिकलेला माणूस पुढच्या प्रत्येक आवृत्तीत बावरला, कारण त्याने बटणाची जागा पाठ केली होती, बटणाचे काम नव्हे. फाइल म्हणजे काय, ती कोठे राहते, प्रत कशी काढतात, कुलूप कसे लावतात, एवढे समजून घेतले तर विंडोज असो की लिनक्स, तुम्ही उपरे ठरणार नाही. आणि पालकहो, गावात संगणक जाणणारी जी दोन-चार मुले आहेत, त्यांचा सल्ला आपल्यापेक्षा लहान म्हणून टाळू नका. मी टाळला होता.

त्या विद्यार्थिनीचा पुढच्या वर्षीचा अर्ज आम्ही पहिल्याच आठवड्यात भरला. त्यापूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या जुन्या यंत्रांपैकी चारांवर लिनक्स बसविले होते आणि नवा ब्राउझर घातला होता. खर्च आला तो एका पेन ड्राइव्हचा. अर्ज बारा मिनिटांत भरला गेला. तिचे वडील शेजारी उभे होते. पोचपावती हातात घेऊन ते म्हणाले, "एवढेच काम होते, सर?"

होय, एवढेच काम होते. तेच वर्षभर आधी केले असते तर एका घराची त्या वर्षाची मदत बुडाली नसती. आपल्या घरात, दुकानात, शाळेत जे यंत्र आज "चालते आहे", त्याची प्रणाली कोणती आणि तिचा सांभाळ कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे या आठवड्यात पाहून घ्या आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. एवढीच माझी आपणांस नम्र विनंती.